वगळलेली चाचणी

वगळलेली चाचणी : संगणकाच्या आज्ञावलीतील एखाद्या भागाचे कार्य तपासण्यासाठी लिहिलेली, परंतु विशिष्ट वेळी हेतुपुरस्सर न चालविलेली चाचणी. अशी चाचणी उत्तीर्ण झालेली नसते व अनुत्तीर्णही झालेली नसते. ती घडलेलीच नसते. म्हणून चाचण्यांच्या अहवालात तिची नोंद स्वतंत्र निकाल म्हणून व कारणासह करावी लागते. ही नोंद कशी करावी, वगळलेल्या चाचण्या एकूण संख्येत कशा धराव्यात आणि वगळण्याच्या सोयीचा गैरवापर कसा टाळावा, हे सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न आहेत.

घटक-चाचणी : मोठी आज्ञावली अनेक लहान घटकांची बनलेली असते. प्रत्येक घटकास ठराविक माहिती पुरवून त्याचे उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणे, यास घटक-चाचणी (युनिट टेस्ट) म्हणतात. अशा शेकडो किंवा हजारो चाचण्या एकापाठोपाठ चालवून त्यांचे निकाल संकलित करणाऱ्या साधनास चाचणी-चौकट किंवा फ्रेमवर्क अशी संज्ञा आहे. आज्ञावलीत बदल केला की सर्व चाचण्या पुन्हा चालवितात व एकही अनुत्तीर्ण नसेल, तरच तो बदल स्वीकारतात. अनेक साधनांत उत्तीर्ण चाचणी हिरव्या, अनुत्तीर्ण चाचणी तांबड्या व वगळलेली चाचणी पिवळ्या रंगाने दर्शविली जाते.

उदा., पिकांच्या वाणांची तुलना करणाऱ्या क्षेत्रप्रयोगांचे आकडे मांडून त्यांतून निष्कर्ष काढणारी एखादी आज्ञावली कल्पिल्यास, वाफ्याचे क्षेत्रफळ व उत्पादन यांवरून हेक्टरी उत्पादन काढणे हा तिचा एक घटक होईल. २४·३ चौ. मी. वाफ्यातून ७·२९ किग्रॅ. धान्य मिळाले, तर हेक्टरी ३० क्विंटल हे उत्तर आले पाहिजे. हे एक वाक्य म्हणजेच एक घटक-चाचणी होय. पाऊस, जनावरे किंवा अन्य कारणाने एखादा वाफा नष्ट झाला, तर त्याचे काय करावयाचे, हा त्याच आज्ञावलीतील दुसरा व अधिक अवघड घटक होय. पहिल्या घटकाची चाचणी चालली आणि दुसऱ्याची वगळली गेली, तर अहवालात तांबडे काहीच दिसणार नाही. परंतु चूक होण्याचा संभव जेथे अधिक, तेथेच तपास झालेला नसेल.

वगळण्याची कारणे : चाचणी वगळण्याची कारणे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार सशर्त वगळण्याचा. चाचणी चालण्यास आवश्यक असलेली परिस्थिती त्या यंत्रावर उपलब्ध नसते. चाचणी विशिष्ट संगणक-प्रणालीपुरती असते, आवश्यक ग्रंथालय (लायब्ररी) स्थापित केलेले नसते, जालाशी संपर्क नसतो किंवा लागणारे उपकरण जोडलेले नसते. अशा वेळी चाचणी चालविली, तर ती अनुत्तीर्ण होईल. पण तो दोष आज्ञावलीचा नसून परिस्थितीचा असेल. दोषाचा खोटा इशारा टाळण्यासाठी वगळणे येथे योग्य ठरते.

दुसरा प्रकार बिनशर्त वगळण्याचा. घटकाचे काम अपुरे असते, दोष ठाऊक असूनही तो दुरुस्त करण्यास सवड नसते, चाचणी फार वेळ घेते किंवा कोणताही बदल न करता ती कधी उत्तीर्ण व कधी अनुत्तीर्ण होते. या शेवटच्या जातीच्या चाचण्यांना अस्थिर चाचण्या म्हणतात. बिनशर्त वगळलेली चाचणी आपोआप परत सुरू होत नाही. ती सुरू करण्याची आठवण कोणीतरी ठेवावी लागते. बहुतेक अनर्थ या प्रकारातून संभवतात.

या दोहोंहून ‘अपेक्षित अपयश’ ही कल्पना वेगळी आहे. तीत चाचणी प्रत्यक्ष चालविली जाते. मात्र ती अनुत्तीर्ण होणार हे आधीच नमूद केलेले असते. ती अनपेक्षितपणे उत्तीर्ण झाली, तर दोष नाहीसा झाला असल्याचे किंवा चाचणीच सदोष असल्याचे समजते. ज्ञात दोषाच्या बाबतीत चाचणी वगळण्यापेक्षा ही रीत श्रेयस्कर मानतात, कारण तीमुळे माहिती मिळत राहते.

इतिहास : केंट बेक यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी तयार केलेल्या चाचणी-चौकटीची माहिती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९७ मध्ये बेक व एरिख गॅमा यांनी झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानप्रवासात जावा भाषेसाठी ‘जेयुनिट’ या चौकटीची पहिली रचना केली. पुढे अनेक भाषांतील चौकटी याच धर्तीवर निघाल्या. आरंभीच्या या चौकटीत उत्तीर्ण, अनुत्तीर्ण व चाचणी चालताना उद्भवलेली अनपेक्षित त्रुटी एवढेच निकाल होते. चाचणी थांबवून ठेवावयाची असेल, तर आज्ञावलीकार तिचे नाव बदलीत किंवा तिच्या ओळी टिप्पणीत रूपांतरित करीत. परिणामी ती चाचणी एकूण संख्येतूनही नाहीशी होई व ती कधी अस्तित्वात होती, याची खूण अहवालात उरत नसे.

जावा भाषेत २००४ मध्ये अ‍ॅनोटेशनची सोय आली व तिच्या आधारे २००६ मध्ये निघालेल्या जेयुनिटच्या चौथ्या आवृत्तीत ‘इग्नोअर’ ही खूण उपलब्ध झाली. वगळलेली चाचणी आता निदान मोजली जाऊ लागली. २००७ मधील ४·४ या आवृत्तीत ‘गृहीत’ (अझम्प्शन) ही कल्पना आली. चाचणीच्या आरंभी एखादी अट लिहावयाची व ती पूर्ण होत नसेल, तर पुढचा भाग सोडून द्यावयाचा, अशी ही योजना होती. परंतु त्या आवृत्तीत गृहीत खोटे ठरलेली चाचणी उत्तीर्ण म्हणून नोंदली जाई. तिसऱ्या पक्षांनी तयार केलेल्या चालकांना अन्य निकाल हाताळता येत नव्हता, हे त्याचे कारण होते. नंतरच्या आवृत्त्यांत हे बदलले आणि अशी चाचणी वगळलेली समजली जाऊ लागली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीत ‘इग्नोअर’ची जागा ‘डिसेबल्ड’ या खुणेने घेतली.

तिसऱ्या निकालाची गरज प्रमाणीकरण करणाऱ्यांना मात्र याआधीच जाणवली होती. संगणक-प्रणालींच्या पॉसिक्स या प्रमाणांची पूर्तता कशी तपासावी, हे सांगणाऱ्या १९९१ च्या मानकात उत्तीर्ण व अनुत्तीर्ण यांखेरीज ‘अनिर्णित’, ‘न तपासलेले’ व ‘पाठबळ नसलेले’ असे आणखी तीन निकाल सांगितलेले आहेत.

निरनिराळ्या चौकटींतील रीती : पायथन भाषेच्या ‘युनिटटेस्ट’ या चौकटीत चाचणी वगळण्याची सोय २००९ मधील ३·१ व २०१० मधील २·७ या आवृत्त्यांत आली. बिनशर्त वगळणे, अट खरी असल्यास वगळणे, अट खरी नसल्यास वगळणे व अपेक्षित अपयश अशा चार खुणा तीत आहेत. ३·४ या आवृत्तीपासून अनपेक्षित यश आढळल्यास सर्व चाचण्यांचा एकत्रित निकालही अयशस्वी धरला जातो. ‘पायटेस्ट’ या चौकटीत एखादे ग्रंथालय नसल्यास चाचणी वगळण्याची व अहवालाच्या शेवटी वगळण्याची कारणे छापण्याची तरतूद आहे. डॉट नेटवरील ‘एनयुनिट’च्या २०१५ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून कारण लिहिल्याशिवाय चाचणी वगळता येत नाही; तसेच अमुक दिनांकापर्यंतच वगळावी, असेही सांगता येते. तो दिनांक उलटला की चाचणी आपोआप पुन्हा चालू लागते. रुबी भाषेतील ‘आरस्पेक’च्या २०१४ मधील तिसऱ्या आवृत्तीत ‘प्रलंबित’ म्हणून नोंदलेली चाचणी चालविली जाते व ती उत्तीर्ण झाल्यास अनुत्तीर्ण धरली जाते, जेणेकरून जुनी खूण काढून टाकणे भाग पडावे.

काही ठिकाणी मात्र वगळलेली चाचणी यशाच्या बाजूला झुकते. पर्ल भाषेबरोबर उदयास आलेल्या ‘टॅप’ या अहवाल-पद्धतीत वगळलेल्या चाचणीच्या ओळीचा आरंभ ‘ओके’ या शब्दानेच होतो व वगळल्याची सूचना त्यापुढे येते. गो भाषेत सविस्तर अहवाल मागितला नाही, तर वगळलेल्या चाचण्यांचा उल्लेखच होत नाही. संपूर्ण संचापुढे ‘ओके’ एवढेच छापले जाते. याउलट ऑटोमेक या साधनात चाचणीने ७७ हा निर्गम-संकेतांक परत दिला, तर ती वगळलेली समजावी असा संकेत आहे. ० म्हणजे यश. दोन्ही संकेतांक भिन्न असल्यामुळे गल्लत होत नाही.

अंतर्गत कार्यपद्धती : चाचणी सुरू होण्यापूर्वीच ती वगळावयाची असल्याचे खुणेवरून कळत असेल, तर चौकट तिची पूर्वतयारी व आवराआवर यांसह सर्व टप्पे सोडून देते. चाचणी चालू असताना अट अपूर्ण असल्याचे आढळले, तर चाचणी एक विशेष ‘अपवाद’ (एक्सेप्शन) उद्भवविते. चौकट तो पकडते व त्याची नोंद अपयशाऐवजी वगळणूक म्हणून करते. पूर्वतयारी झालेली असल्यास आवराआवरही करते. येथे एक धोका असतो. आज्ञावलीकाराने सर्व प्रकारचे अपवाद गिळून टाकणारी रचना चाचणीत केली असेल, तर वगळण्याचा संदेशही तीत नाहीसा होतो व चाचणी उत्तीर्ण भासते. यासाठीच पायटेस्टमध्ये हा अपवाद सामान्य अपवादांच्या कुळाबाहेर ठेवलेला आहे.

क्षेत्रप्रयोगांतील समांतर तत्त्व : न घडलेल्या चाचणीचा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. कृषिसंशोधनात तो पूर्वीच उद्भवला व तेथे त्याची रीतसर उत्तरे शोधण्यात आली. मराठवाड्यातील परभणी येथे १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या व २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन इ. पिके मुख्यत्वे पावसाच्या भरवशावर घेतली जातात. अशा प्रदेशात प्रयोगातील प्रत्येक वाफा शेवटपर्यंत हाती लागेलच असे नाही.

या विद्यापीठाने विकसित केलेले भेंडीचे ‘परभणी क्रांती’ हे वाण पिवळ्या शिरांच्या केवडा रोगास प्रतिकार करणारे म्हणून प्रसिद्धीस आले. रोगप्रतिकार तपासण्यासाठी रोगास सहज बळी पडणारे वाण शेजारी लावण्याची कृषिसंशोधनात पद्धत आहे. ते वाण रोगग्रस्त झाले आणि नवे वाण निरोगी राहिले, तर नवे वाण उत्तीर्ण. परंतु त्या हंगामात रोगच आला नाही व दोन्ही वाणे निरोगी राहिली, तर नव्या वाणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. चाचणीची अटच पूर्ण झालेली नसते. अशा हंगामाची नोंद ‘वाण प्रतिकारक्षम’ अशी केली, तर बियाणे घेणारा शेतकरी फसेल. जेयुनिटच्या ४·४ या आवृत्तीत गृहीत खोटे ठरलेली चाचणी उत्तीर्ण म्हणून नोंदली जाई, त्या रीतीत नेमका हाच धोका होता.

नष्ट झालेल्या वाफ्याची व्यवस्था सांख्यिकीत केलेली आहे (→ सांख्यिकी). एफ. ई. ॲलन व जॉन विशार्ट यांनी १९३० मध्ये व फ्रँक येट्स यांनी १९३३ मध्ये नष्ट वाफ्याच्या उत्पादनाचा अंदाज करण्याची रीत दिली. समजा, ५ वाणांचा प्रयोग ४ गटांत, म्हणजे २० वाफ्यांत केला व एक वाफा नष्ट झाला. त्या वाणाच्या उरलेल्या ३ वाफ्यांची बेरीज ९०, त्या गटातील उरलेल्या ४ वाफ्यांची बेरीज ११२ व सर्व १९ वाफ्यांची बेरीज ५४१ क्विंटल प्रतिहेक्टर आहे. वाणांची संख्या व वाणाची बेरीज यांच्या गुणाकारात गटांची संख्या व गटाची बेरीज यांचा गुणाकार मिळवून त्यातून एकूण बेरीज वजा करतात. येणाऱ्या संख्येला, वाणांची संख्या व गटांची संख्या प्रत्येकी एकने कमी करून येणाऱ्या गुणाकाराने भागतात. येथे ४५० + ४४८ − ५४१ = ३५७ व ३५७ ÷ १२ = २९·७५ असा अंदाज मिळतो.

या रीतीतील लक्षणीय भाग यापुढचा आहे. रिकाम्या जागी २९·७५ हा आकडा भरला, तरी त्यामुळे नवी माहिती मिळालेली नसते. म्हणून प्रयोगातील त्रुटी मोजताना उपलब्ध स्वतंत्र निरीक्षणांची मात्रा, जी पूर्ण प्रयोगात १२ असती, ती ११ च धरतात. अंदाजाने भरलेला वाफा हा प्रत्यक्ष मोजलेला वाफा मानला जात नाही व प्रयोगाचा निष्कर्ष तेवढ्या अंशाने दुबळा झाल्याचे मान्य केले जाते.

मोजणी : हाच न्याय सॉफ्टवेअरच्या अहवालास लावता येतो. २०० चाचण्यांपैकी १८८ उत्तीर्ण झाल्या, एकही अनुत्तीर्ण झाली नाही व १२ वगळल्या गेल्या असे समजू. चाललेल्या चाचण्यांत यशाचे प्रमाण १०० टक्के आहे. लिहिलेल्या चाचण्यांत ते ९४ टक्के आहे. यांपैकी पहिला आकडा एकटा देणे दिशाभूल करणारे ठरते व दुसरा एकटा दिल्यास १२ चाचण्या अनुत्तीर्ण झाल्याचा समज होऊ शकतो. म्हणून उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, त्रुटी व वगळलेल्या या सर्व संख्या वेगवेगळ्या देणे आवश्यक असते. एकही चाचणी न चालणे ही याची टोकाची अवस्था होय. पायथनच्या २०२३ मधील ३·१२ या आवृत्तीपासून, चौकटीस एकही चाचणी आढळली नाही, तर यशाचा ० हा संकेतांक न देता ५ हा संकेतांक दिला जातो. तत्पूर्वी चाचण्यांच्या जागेचा पत्ता चुकला, तरी अहवाल यशस्वीच येत असे.

मराठी भाषेच्या चाचण्या : वगळलेल्या चाचण्यांची झळ बहुधा अल्पसंख्य वापरकर्त्यांना लागते. युनिकोडच्या भाषाविषयक माहितीसंचानुसार मराठीसाठी १२३४५६७ ही संख्या देवनागरी अंकांत ‘१२,३४,५६७’ अशी मांडली जावी, अशी अपेक्षा असते. त्याचप्रमाणे मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा वर्ण ‘ह’नंतर येतो, तर युनिकोडच्या संकेतक्रमांकांत तो ‘ल’ व ‘व’ यांच्यामध्ये आहे. म्हणून केवळ संकेतक्रमांकांनुसार लावलेली नावांची यादी मराठी क्रमाने लागत नाही. या दोन्ही गोष्टी तपासण्यास यंत्रावर मराठीची माहिती उपलब्ध असावी लागते. ‘नोड डॉट जेएस’ या प्रणालीच्या प्रचलित प्रतीत २०१९ मधील १३ व्या आवृत्तीपूर्वी केवळ इंग्रजीची माहिती अंतर्भूत असे. तेथे मराठीची चाचणी एकतर अनुत्तीर्ण होई किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून वगळावी लागे. वगळणे त्या यंत्रापुरते रास्त होते. परंतु सर्वच यंत्रे तशी असतील, तर मराठीसाठी ती आज्ञावली कधीच तपासली गेली नाही, असा त्याचा अर्थ होतो. परभणीतील शेतकऱ्यास किंवा तलाठ्यास चुकीचा आकडा अथवा चुकीच्या क्रमाची यादी दिसेपर्यंत कोणाच्याही अहवालात तांबडा रंग उमटणार नाही.

गैरवापर व उपाय : काम वेळेत पुरे करण्याच्या दडपणाखाली अनुत्तीर्ण चाचणी दुरुस्त करण्याऐवजी वगळण्याचा मोह होतो. एक ओळ लिहिताच तांबडा रंग जातो. अशा चाचण्या साचत गेल्या म्हणजे त्या कोणी, कधी व का वगळल्या हे विस्मृतीत जाते. मूळ घटक बदलतो व चाचणी पुन्हा सुरू करण्याच्याही योग्यतेची राहत नाही.

यावर पुढील उपाय प्रचलित आहेत. प्रत्येक वगळणुकीस वाचणाऱ्यास कळेल असे कारण लिहावे. ‘नंतर पाहू’ हे कारण नव्हे. ज्ञात दोषाच्या बाबतीत दोषाचा नोंदणी-क्रमांक द्यावा व शक्य तेथे मुदत घालावी. अट तपासता येत असेल, तर बिनशर्त वगळण्याऐवजी सशर्त वगळावे, म्हणजे परिस्थिती अनुकूल होताच चाचणी आपोआप सुरू होते. एका यंत्रावर वगळली जाणारी चाचणी निदान दुसऱ्या एखाद्या यंत्रावर चालते, याची खात्री करावी. चाचण्यांच्या मुख्य यंत्रावर आवश्यक साधन नसणे हे वगळण्याचे कारण न मानता अपयश मानावे. वगळलेल्या चाचण्यांची संख्या प्रत्येक अहवालात द्यावी व ती वाढल्यास चौकशी व्हावी. जी चाचणी पुन्हा कधीच चालविली जाणार नाही, ती वगळून न ठेवता काढून टाकावी.

वगळण्याची सोय ही दोष झाकण्यासाठी नसून, काय तपासले गेले नाही हे उघडपणे नमूद करण्यासाठी आहे. वरील प्रयोग-आज्ञावलीत नष्ट वाफ्याच्या घटकाची २९·७५ या उत्तराची चाचणी वगळावी लागली, तर अहवालात ‘सर्व चाचण्या यशस्वी’ असे न लिहिता ‘नष्ट वाफ्याचा घटक तपासलेला नाही’ असे लिहिले पाहिजे. त्या अहवालावर विसंबून वाणाची शिफारस करणाऱ्यास आपले ज्ञान कोठवर आहे, हे तेवढ्यानेच कळते.